सायक्लॅमेन: बी पेरल्यापासून फूल उमलेपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा: सायक्लॅमेन या कुंडीतल्या फुलझाडाचं संकरित बी आणून ट्रेमध्ये पेरलं, निम्मंच उगवलं. जी रोपं जगली त्यांना पानं भरपूर आली, पण फुलं धरेपर्यंत विक्रीचा हंगाम उलटून गेला. शिवाय मधल्या काळात चांगल्या भरलेल्या कुंड्या एकेक करून माना टाकत गेल्या. तर पेरणीपासून फुलापर्यंत काय, कधी आणि किती, ते नीट सांगा.

या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा उष्णता असते. खत आणि औषधाचा नंबर नंतर लागतो. सायक्लॅमेन पर्सिकम हे भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचं, तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉन या पट्ट्यातलं झाड. तिथे ते हिवाळी पावसावर वाढतं, फुलतं आणि कोरड्या उन्हाळ्यात पानं गाळून कंदाच्या जिवावर पडून राहतं. रोपवाटिकेत आपण त्याला ही विश्रांती घेऊच देत नाही. बियापासून सलग सहा ते आठ महिने वाढवतो. त्यामुळे गरम दिवसांत त्याची वाढ थांबू न देणं, यातच निम्मं कसब आहे.

दुसरी गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवावी, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. सुरुवातीची सहा ते दहा पानं सोडली, तर त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक पानाच्या बगलेत एक फूलकळी असते. जितकी पानं तितकी फुलं, असा जवळजवळ रोखीचा हिशोब. दिवस लहान की मोठा याच्याशी या कळीचं देणंघेणं नाही. उन्हाने तीन आठवडे नवं पान आलं नाही, तर तीन आठवड्यांची फुलं कायमची गेली, ती नंतरच्या खताने भरून निघत नाहीत. आणि पानं भरपूर असूनही फूल नसेल, तर कळी धरली होती पण आत मेली किंवा रखडली, असं समजायचं. तुमच्या दुसऱ्या तक्रारीचं उत्तर इथे आहे. त्याची कारणं पुढे येतीलच.

वेळापत्रक विक्रीच्या तारखेपासून उलटं मोजायचं. मेटिस, मिरॅकलसारखी मिनी वाणं २६ ते २८ आठवडे घेतात. लॅटिनिया, लेझर अशी मध्यम वाणं २८ ते ३० आठवडे. हॅलिओस, सिएरा अशी मोठ्या फुलांची वाणं ३० ते ३४ आठवडे. यातले पहिले चार आठवडे अंधारात उगवण, पुढचे सात-आठ ट्रेमध्ये आणि उरलेले कुंडीत. हे आकडे सरासरी १८ ते २० अंश सेल्सिअस धरून आहेत. तुमच्याकडे महिना-दीड महिना रात्रसुद्धा २२ अंशांच्या खाली उतरत नसेल, तर तेवढे आठवडे हिशोबात वाढवा. नाहीतर दरवर्षी उशीरच होणार.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे पेरणी अशी धरायची की गरम आठवड्यांत झाड ट्रेमध्येच असेल. १२८ कप्प्यांच्या आठ ट्रेमध्ये हजार रोपं बसतात आणि जागा लागते सव्वा चौरस मीटर. तीच हजार झाडं १२ सेंटीमीटरच्या कुंडीत गेली की शेवटच्या अंतरावर पन्नास-पंचावन्न चौरस मीटर खातात. सव्वा मीटर थंड ठेवणं कोणालाही जमतं, पंचावन्न मीटर थंड ठेवायला खर्च परवडेलच असं नाही.

बी आणि उगवण

एका ग्रॅममध्ये साधारण १०० बिया बसतात, वाणाप्रमाणे ८० ते १२०. विक्रीयोग्य हजार कुंड्या हव्या असतील तर १३५० बिया पेराव्यात. त्यातल्या १२००च्या आसपास उगवतील, १०७५ ते १०८० कुंडीत लावण्याजोग्या निघतील आणि बाकीची घट कुंडीत होईल. यापेक्षा कमी बियांत भागतं असं कोणी सांगत असेल, तर तो बारकी झाडंही मोजतोय. उरलेलं बी हवाबंद करून ५ अंशांच्या आसपास कोरडं ठेवता येतं, पण पुढच्या हंगामात उगवण कमी धरूनच पेरा.

बी भिजवावं का? जुनं किंवा घरी धरलेलं बी असेल तर २० अंशांच्या पाण्यात १२ ते २४ तास, मधे एकदा पाणी बदलून. ताज्या संकरित बियांना याची गरज नसते. चोवीस तासांपेक्षा जास्त भिजवलं तर फायदा दूरच, बी गुदमरतं. सायक्लॅमेनच्या बियाला उगवताना प्राणवायू भरपूर लागतो, आणि बियाभोवती पाण्याचा थर साचला की तोच तुटतो. निम्मीच उगवण होण्यामागे जास्त पाणी हे उष्णतेच्या खालोखालचं कारण आहे.

ट्रेसाठी बारीक पीट (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ), किंवा धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि त्यात पाचवा हिस्सा परलाइट (भाजून फुगवलेले हलके पांढरे खडे). सामू (पीएच) ५.५ ते ५.८, खत जवळजवळ नाहीच. कोकोपीट वापरणार असाल तर आधी कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवून मग साध्या पाण्याने धुऊन घ्या. त्यात अडकलेलं सोडियम आणि पोटॅशियम तेव्हाच निघतं. नुसत्या पाण्याने धुतलेलं कोकोपीट पुढे कॅल्शियम ओढून घेत राहतं आणि रोपाच्या कोवळ्या पानांच्या कडा जळतात.

ट्रे भरून आधी भिजवा, निथळू द्या, मग प्रत्येक कप्प्यात मधोमध एक बी ठेवून वर ५ ते ६ मिलिमीटर मध्यम जाडीचं व्हर्मिक्युलाइट (फुगवलेल्या अभ्रकाचे हलके कण) पसरा. हा थर तीन कामं करतो: उजेड अडवतो, बियाचं टरफल ओलं ठेवतो आणि अंकुर वर येताना ते टरफल घासून काढतो. ओलावा किती? कप्प्यातलं माध्यम चिमटीत दाबलं की एखाद-दुसरा थेंब दिसावा, धार लागू नये.

आता अंधार आणि तापमान. उजेड या बियाची उगवण रोखतो, म्हणून पूर्ण अंधार हवा. दाराच्या फटीतला उजेडही नको. माध्यमाचं तापमान १७ ते १८ अंश आणि आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर. तापमापी खोलीच्या भिंतीवर टांगून उपयोग नाही, त्याचा दांडा कप्प्यात खुपसून ठेवा. २० च्या वर गेलं की उगवण घसरू लागते आणि मागेपुढे होते. २३-२४ वर बरंचसं बी नुसतं बसून राहतं. १५ च्या खाली बी मरत नाही, फक्त वेळ लागतो. तेव्हा चूक करायचीच झाली तर थंड बाजूला करा. ट्रे एकावर एक रचले तर मधल्या ट्रेची हवा कोंडते आणि तापमान दोन-तीन अंश चढतं. रचायचेच असतील तर मधे पट्ट्या ठेवून फट राखा.

चौदाव्या दिवसापासून रोज दोन-तीन कप्पे उकरून बघा. आधी पांढरं मूळ खाली उतरलेलं दिसतं. मग मूळ आणि बी यांच्या मधला भाग फुगून त्याचा गोल दाणा होतो. हाच पुढे कंद होणार. म्हणजे या झाडाचा कंद पानाच्या आधी तयार होतो. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्या दाण्यातून वाकडा लालसर देठ वर निघतो. निम्म्या कप्प्यांत असा वाकलेला देठ पृष्ठभागावर दिसला की ट्रे उजेडात काढायचे. बहुतेकदा तो दिवस २४ ते ३० या दरम्यान येतो. लवकर काढले तर उरलेलं बी उगवत नाही. चार दिवस उशीर केला तर देठ लांब, फिकट होऊन आडवे पडतात आणि ती रोपं पुढे कुंडीतही डगमगतात.

रोपाला एकच दल दिसतं, त्याने घाबरू नका. सायक्लॅमेन द्विदल वर्गातलंच आहे, पण त्याचं दुसरं दल वाढतच नाही. नव्या कामगारांनी अशी रोपं अर्धवट समजून उपटून टाकल्याचे प्रकार घडतात, म्हणून आधीच सांगून ठेवावं.

दलावर टरफल टोपीसारखं अडकून बसणं हा नेहमीचा त्रास. कारण दोनच: वरचा थर पातळ होता, किंवा उजेडात काढल्याबरोबर हवा कोरडी मिळाली. कोरडं टरफल ओढलं तर दल फाटतं. सकाळी बारीक फवारा मारून ते मऊ होऊ द्या, तासाभराने बोटाने हलकेच काढा. ट्रे बाहेर काढल्यावर आर्द्रता एकदम न सोडता आठवडाभरात ९५ वरून ७५ टक्क्यांपर्यंत उतरवली, तर हे काम फारसं करावंच लागत नाही.

ट्रेमधले आठवडे

पहिले पंधरा दिवस १० ते १५ हजार लक्स उजेड पुरे, नंतर २० ते २५ हजारांपर्यंत वाढवा. रात्री १८, दिवसा २० अंश. पहिलं खरं पान उलगडलं की खत सुरू: १०० लिटर पाण्यात १५ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट आणि २० ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट. यातून नत्र साधारण ५० पीपीएम (लिटरमागे ५० मिलिग्रॅम) मिळतं. दोन वेळा खताचं पाणी, एकदा साधं. युरिया आणि अमोनियमची खतं या पिकाला देऊच नयेत. थंड माध्यमात अमोनियमचं नायट्रेटमध्ये रूपांतर होत नाही, मुळं भाजतात, पानं मऊ होतात आणि फ्युझारियम या मर रोगाच्या बुरशीला आयतं आमंत्रण मिळतं.

या काळातला खरा शत्रू म्हणजे कुजक्या माध्यमातली बारीक काळी चिलटं. त्यांच्या अळ्या पारदर्शक, काळ्या डोक्याच्या असतात आणि कोवळ्या कंदाला खालून कुरतडतात. रोप वरून हिरवं दिसतं, उचललं की हातात येतं. ट्रेवर शेवाळ धरलं असेल तर चिलटं येणारच, म्हणून आधी पाणी कमी करा. पिवळे चिकट सापळे लावा आणि स्टायनरनेमा फेल्टी हे सूत्रकृमी पाण्यातून सोडा. अळी दिसल्यावर सोडण्यापेक्षा ट्रे उजेडात काढल्यापासून आठवड्याच्या आत सोडणं स्वस्त पडतं.

आठव्या आठवड्यात रोपांची प्रतवारी करा. मोठी एकीकडे, मध्यम दुसरीकडे, आणि ज्यांना एकच पान आहे ती सरळ काढून टाका. मागे राहिलेलं सायक्लॅमेन पुढे कधी बरोबरीला येत नाही. ते शेवटपर्यंत तीन-चार आठवडे मागेच चालतं आणि तोवर मोठ्या झाडांच्या सावलीत दबतं.

कुंडीत लावणी

तीन ते पाच पानं झाली, ट्रेमधून रोप मातीच्या गोळ्यासकट अखंड निघालं की लावणीची वेळ झाली. साधारण दहा ते बारा आठवडे. दोन आठवडे जास्त थांबलात तर मुळं कप्प्यात गोल फिरतात, नवं पान थांबतं आणि पानांचा हिशोब तिथेच बिघडतो.

मिनीसाठी ८ ते ९ सेंटीमीटरची कुंडी, मोठ्या वाणांसाठी १२ ते १४ ची. माध्यमात पीट किंवा कोकोपीट ७० ते ७५ टक्के, परलाइट २५ ते ३०, सामू ५.६ ते ६.०. सामू ६.५ च्या वर गेला की कोवळी पानं शिरांमधून पिवळी पडतात, कारण लोह मिळत नाही. कुंडी भरताना दाबू नका. माध्यमात हवा राहिली पाहिजे, ती रोप लावल्यावर अंगठ्याने घट्ट करण्यात निघून जाते.

कंद किती खोल ठेवायचा यावर मतभेद फार. लहान रोपाचा कंद वरचा एक तृतीयांश ते निम्मा उघडा राहील इतका ठेवावा. पूर्ण पुरला तर शेंड्यात पाणी साचून कूज येते आणि कळ्या उशिरा सुटतात. अगदीच वर ठेवला तर रोप डुलतं आणि कंदाची साल कडक होते. माध्यम पहिल्या दोन पाण्यांत बसतं आणि कंद आपोआप थोडा वर येतो, हे लक्षात घेऊन पातळी धरा. पहिलं पाणी वरून, कंदाच्या कडेने, एकदाच भरपूर द्या. त्यानंतर शक्य असेल तर कायम खालून.

वरून पाणी दिलं की ते पानांच्या देठांवरून घरंगळत थेट शेंड्यात जाऊन बसतं, आणि ३०-४० पानांच्या छत्राखाली ते दिवसभरात वाळत नाही. म्हणून चटई, उथळ हौद किंवा कुंडीच्या कडेला थेंब सोडणारी नळी. पाणी सकाळीच, आणि कुंडी उचलून वजनावरून ठरवून. पानांच्या कडा किंचित सैल होण्याच्या बेतात पाणी दिलं तर झाड गच्च राहतं. एकदा पूर्ण सुकू दिलं तर मुळांची टोकं मरतात आणि पुढच्या पाण्यात तीच सडू लागतात. उन्हाळ्यात झाड मान टाकतंय म्हणून दिवसातून दोनदा पाणी ओतणं ही फार महागात पडणारी सवय आहे. मुळं गेल्यामुळेही झाड मान टाकतं. कुंडी जड असेल आणि तरी पान लोंबत असेल, तर पाणी बंद करून कुंडी उलटी करून मुळं बघा.

खताचं मिश्रण वाढीच्या काळात असं: १०० लिटरला कॅल्शियम नायट्रेट २५ ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट ३५ ग्रॅम, मोनोपोटॅशियम फॉस्फेट ५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट २० ग्रॅम आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं लेबलप्रमाणे. नत्र ८४ पीपीएमच्या आसपास आणि पोटॅशियम १४७ च्या आसपास जातं. पाण्याच्या मूळ ईसीत (विद्युत वाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप) साधारण १.० मिलिसिमेन्सची भर पडते, एकूण १.५ च्या वर जाऊ देऊ नका. तीव्र द्रावण साठवणार असाल तर कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या टाकीत ठेवा. फॉस्फेट आणि सल्फेटबरोबर ते घट्ट द्रावणात एकत्र आलं की तळाशी पांढरा गाळ बसतो आणि झाडाला काहीच मिळत नाही. पहिल्या कळ्या वर दिसू लागल्या की कॅल्शियम नायट्रेट २० वर आणा, पोटॅशियम नायट्रेट ४० वर न्या. नत्राची भर जास्त झाली की पानं तळहाताएवढी होतात, देठ लांबतात, आणि तुमच्यासारखी तक्रार येते: झाड देखणं, पण फूल नाही.

उजेड ३० ते ४० हजार लक्स. हवा १८ अंशांच्या खाली असेल तर ४५-५० हजारही चालतो, कारण त्रास उजेडापेक्षा पान तापण्याने होतो. भर उन्हात ५० ते ६० टक्क्यांची जाळी घाला, पण ढगाळ दिवशी ती ओढून घेता आली पाहिजे. वर्षभर कायमची बांधलेली दाट जाळी कळ्या मारते. दिवसाचं तापमान सतत २८ च्या वर राहिलं की नवी पानं मंदावतात आणि आधी धरलेल्या कळ्या काळ्या पडून जिरतात. त्या दिवसांत खत निम्मं करा, रात्री हरितगृहाच्या झडपा उघड्या ठेवा. रात्र थंड मिळाली तर झाड दिवसाची गर्मी बऱ्यापैकी सोसतं. उन्हाच्या बाजूच्या कडेच्या रांगेत काळ्या कुंड्यांचं माध्यम हवेपेक्षा बरंच तापतं. तिथे एक आडवी पट्टी सावलीसाठी लावली तरी फरक दिसतो.

अंतर हा दुसरा दुर्लक्षित मुद्दा. पानाला पान टेकलं की कुंड्या सरकवायच्या, आठवडाभर थांबायचं नाही. शेवटचं अंतर १२ सेंटीमीटरच्या कुंडीला चौरस मीटरमध्ये १६ ते २०, मिनीला ३० ते ४०. दाटी झाली की मधल्या शेंड्यावर उजेड पोचत नाही आणि तिथल्याच कळ्या रखडतात. एकदा प्रत्यक्ष बघा: चौदा-पंधरा पानांची कुंडी डोळ्यांच्या पातळीवर धरा आणि मधली पानं दोन्ही हातांनी बाजूला करा. कंदाच्या डोक्यावर देठांच्या मुळाशी टाचणीच्या डोक्याएवढ्या, खाली वाकलेल्या कळ्या दिसतील. हिरव्या-गुलाबी आणि टवटवीत असतील तर झाड वेळेवर आहे. तपकिरी, सुरकुतलेल्या असतील तर गेल्या महिन्याभरातली गर्मी, अंधार किंवा नत्र यापैकी एकाने काम केलंय. अशा वेळी बाहेरची मोठी पानं हलक्या हाताने खाली-बाहेर ओढून लहान पानांच्या खाली अडकवतात, म्हणजे मध्य उघडा होतो. हंगामात हे दोनदा केलं तरी झाडाचा आकारही नीट राहतो. यात पानं तोडायची नाहीत. पान तोडलं तर त्याच्या बगलेतली कळी पोसणार कोण?

पहिली तीन-चार फुलं बाकीच्यांच्या महिनाभर आधी येतात. ती काढून टाका, म्हणजे मागची एकदम फुलतात. काढताना कात्री नको. देठ अगदी खाली धरून पीळ द्यायचा आणि झटक्यात ओढायचा, तो कंदापासून सुटून येतो. कापून ठेवलेला खुंट सडतो आणि राखाडी बुरशी तिथूनच आत शिरते. पिवळी पानंही अशीच काढायची.

जिबरेलिक आम्ल या वाढ-संप्रेरकाबद्दल विचारलं जातंच. विक्रीच्या ६० ते ७५ दिवस आधी, कळ्या टाचणीएवढ्या असताना, पानांखाली थेट कंदाच्या डोक्यावर कुंडीमागे ८ मिलिलिटर दिलं तर फुलं दोन ते चार आठवडे लवकर येतात. जुन्या शिफारशी २५ पीपीएमपर्यंत आहेत. आजच्या संकरित वाणांना १० ते १५ पुरे, त्यापुढे फुलांचे देठ लांब आणि लुळे होतात. ९० टक्के शुद्ध भुकटीचा १ ग्रॅम थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून ६० लिटर पाण्यात टाकला की १५ पीपीएम होतं, आणि एका लिटरमध्ये १२५ कुंड्या होतात. एकदाच द्यायचं. आधी वीस कुंड्यांवर करून बघा. कळ्या धरलेल्याच नसतील तर हे औषध काहीही करू शकत नाही, तेव्हा पानं मोजल्याशिवाय बाटली उघडू नका.

कळ्या पानांवर डोकावू लागल्या की रात्रीचं तापमान १३ ते १५ वर उतरवा, दिवसा १८. रंग गडद होतो, देठ ताठ राहतो. पण थंड रात्रीबरोबर आर्द्रता वाढते आणि पाकळ्यांवर पाण्यासारखे ठिपके दिसू लागतात. ती राखाडी बुरशीची सुरुवात. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली ठेवायची, आणि त्यासाठी पहाटे थोडी उष्णता देऊन त्याच वेळी झडप उघडायची. नुसती उष्णता दिली तर दमट हवा आतच फिरते.

माना टाकणाऱ्या कुंड्या

फेकण्याआधी कंद सुरीने उभा कापा. उत्तर तिथेच मिळतं. कंद चिकट, पाणथळ आणि दुर्गंधी येत असेल तर जिवाणूजन्य मऊ कूज, पेक्टोबॅक्टेरियमची. गर्मी आणि शेंड्यात साचलेलं पाणी हे तिचं निमित्त, एक-दोन दिवसांत सगळं झाड बसतं. कंद टणक आहे पण कापलेल्या भागात तांबूस-जांभळट ठिपके किंवा रेषा दिसतात, तर फ्युझारियमची मर. यात पान आधी एका बाजूने पिवळं पडतं, आणि झाड फुलांचा भार येईपर्यंत चांगलं दिसत राहून मग अचानक कोसळतं. कंद पांढरा स्वच्छ पण मुळं तपकिरी, साल निसटणारी असतील तर पाणी जास्त झालंय. कंद पोखरून आत पांढरी, तपकिरी डोक्याची वाकडी अळी बसली असेल तर ते सोंड्या भुंग्याचं काम.

पहिल्या दोन रोगांवर आजारी झाड बरं करणारं औषध नाही. कुंडी माध्यमासकट पिशवीत घालून बाहेर टाका, कंपोस्टच्या खड्ड्यात नाही. थायोफनेट-मिथाइल किंवा फ्लुडिओक्सोनिलसारखी बुरशीनाशकं फ्युझारियमवर निरोगी झाडाच्या बचावापुरती चालतात, तीही लावणीच्या वेळी आणि लेबलवर परवानगी असेल तरच. त्याहून जास्त उपयोग वापरलेले ट्रे घासून, निर्जंतुक करून मगच पुन्हा वापरण्याचा, फिरतं पाणी शुद्ध करण्याचा आणि अमोनियम टाळण्याचा.

सायक्लॅमेनच्या कोळ्याचा उल्लेख वेगळा करायला हवा, कारण तो दिसतच नाही. लांबी पाव मिलिमीटर, राहतो मधल्या न उलगडलेल्या पानांत. नवी पानं आत वळलेली, जाडसर, ठिसूळ आणि कळ्या वेड्यावाकड्या दिसल्या, पानाखाली मात्र काहीच सापडलं नाही, तर त्याचाच संशय घ्या. तो टेकलेल्या पानांवरून आणि माणसांच्या हातांवरून पसरतो. संशयित रांगेत दिवसाचं शेवटचं काम करा. फुलकिडे त्या मानाने सोपे: पाकळ्यांवर परागकण सांडलेले आणि फिकट ओरखडे. पानांवर तपकिरी वर्तुळं दिसली तर त्यांनी विषाणू आणलाय, ते झाड त्याच दिवशी काढा. निओसेयुलस क्युक्युमेरिस हा भक्षक कोळी दोघांनाही आटोक्यात ठेवतो, मात्र लावणीपासूनच नियमित सोडला तर.

विक्रीला पाच-सात उमललेली फुलं आणि खाली भरपूर रंग धरलेल्या कळ्या, अशी कुंडी बाहेर काढावी, पानं पूर्ण कोरडी असताना. मधमाश्यांना आत येऊ देऊ नका. परागीभवन झालेलं फूल इथिलीन या फुलं-फळं पिकवणाऱ्या वायूला हळवं होतं आणि काही दिवसांतच पाकळ्या गाळतं. न झालेलं मात्र आठवडेच्या आठवडे टिकतं. झडपांना बारीक जाळी लावली तर फुलकिडे आणि मधमाश्या दोन्ही बाहेर राहतात.

विकली न गेलेली झाडं पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. घरी एखादा कंद सुकवून पुन्हा फुलवणं वेगळं. रोपवाटिकेत जुने कंद मागेपुढे फुटतात, जागा अडवतात आणि फ्युझारियम व कोळी नव्या ट्रेपर्यंत पोचवतात. त्यांच्यावरचं बीही धरण्यात अर्थ नाही, कारण संकरित वाणाची पुढची पिढी रंगात, उंचीत आणि फुलायच्या वेळेत विखुरते. एकाच आठवड्यात भरगच्च निघणारी कुंड्यांची रांग त्यातून होत नाही.